तेविसाव्या मिनिटाच्या टाळ्या

१२ ऑक्टोबर, शनिवार

सगळं बदललं ते आज तेविसाव्या मिनिटाला. त्याआधी मी जोएल फेन्टन होतो – वय एकवीस, लीड्सचं कॉलेज अर्ध्यात सोडलेला, चौथ्या डिव्हिजनमधल्या ऑडशॉ टाउनचा नवा मिडफिल्डर. आता कोण आहे, देव जाणे.

पहिलाच सामना. चिखल, तिरका पाऊस. त्यांच्या धिप्पाड चार नंबरच्या पायातून मी बॉल काढला – स्वच्छ! – आणि अख्खं मैदान उभं राहिलं. टाळ्या. चारही बाजूंनी. म्हातारे, बायका, टोप्या काढून उभे राहिलेले बाप्ये. मला वाटलं, एका टॅकलवर एवढं प्रेम! मी दोन्ही हात वर केले. हसलोसुद्धा.

टाळ्या थांबल्या नाहीत. पण त्यांचा आवाज बदलला. कापड फाटावं तसा.

ग्रिम्शॉ – आमचा कॅप्टन, दाढी पिकलेली, गुडघ्याला कायम पट्टी – धावत माझ्या बाजूला आला. "हात खाली घे, गाढवा. तुझ्यासाठी नाहीयेत त्या."

ड्रेसिंग रूममध्ये कळलं. रोवन टॅटरसॉल. माझ्याच जागी खेळायचा. गेल्या जानेवारीत सकाळी सरावाला येताना बर्फावर गाडी घसरली. तेविसाव्या वर्षी गेला. तेव्हापासून घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्यात तेविसाव्या मिनिटाला गाव उभं राहतं. खेळ थांबत नाही. आपण खेळायचं, ते वाजवतात. सगळ्यांना माहीत. इतकं माहीत, की मला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही!

मेलेल्या माणसाच्या टाळ्या खाल्ल्या मी.

१३ ऑक्टोबर

अजून बाकी होतं. क्लब नव्या पोरांना गावातल्या घरांमध्ये ठेवतो. गुरुवारपासून मी ज्यांच्याकडे राहतोय त्या मॉरीनबाईंचं आडनाव मी विचारलंच नव्हतं. काल सामन्यानंतर दिवाणखान्यातला फोटो नीट पाहिला. टॅटरसॉल. आई आहे त्याची!

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सकाळी त्यांनी ताट पुढे केलं. टोस्ट, वर टोमॅटो सॉसमधला तो गोडसर, राजम्यासारखा घेवडा, अंडं.

"आधी हात धू," म्हणाल्या. "काल बरेच वर गेले होते."

"अहो, मला खरंच माहीत–"

"नव्हतं. कळलं. टोस्ट खा, गार झाला की बुटाच्या तळव्यासारखा लागतो."

यावर हसायचं की रडायचं?

१७ ऑक्टोबर

मी बाहेरचं दार उघडं टाकतो. जुनी खोड. घरी यावरून आई घर डोक्यावर घ्यायची. मॉरीनबाई रागवत नाहीत. उठतात, दाराशी जातात, जरा वेळ तिथेच उभ्या राहतात, रस्त्याकडे बघत. मग लावतात.

२६ ऑक्टोबर, शनिवार

हरलो. ग्रिम्शॉवर डाफरलो मी. तीनदा त्याने न बघता उजवीकडे लांब बॉल मारला – तिथे कुणीच नाही! रिकामं गवत! "कुणाला देतोस?" ओरडलो.

तो थांबला. खरंच विचारात पडला. "तो असायचा तिथे," म्हणाला. "पायांना सवय आहे. डोक्याचं ऐकत नाहीत."

तेविसाव्या मिनिटाला टाळ्या सुरू झाल्या तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मागे वळून पाहिलं. मागे कुणी नसणार हे माहीत असून.

२९ ऑक्टोबर

मार्नी! मैदानावरच्या चहाच्या खिडकीत असते. सरावानंतर आम्हालाही देते. तांबूस केस, नाकावर गोंदल्यासारखे ठिपके, तोंड तिखट.

"तू तो हात वर करणारा ना?"

"आणि तू त्या टाळ्या वाजवणाऱ्यांतली?"

"मी नाही वाजवत. माझ्या हातात किटली असते."

साखर दोनदा घातली माझ्या कपात. चुकून की मुद्दाम? रस्ताभर तेवढंच.

ग्रिम्शॉने गाडीत बसताना मान हलवली. "तिकडे बघू नकोस, पोरा. रोवनची आहे ती."

"होती."

"या गावात होती म्हणत नाहीत."

२ नोव्हेंबर

बाबांचा फोन. "फेब्रुवारीत परत घेतील म्हणालेत कॉलेजवाले. विचार कर." मी ठेवून दिला. विचार कसला करायचा? मार्नीने आज माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

१२ नोव्हेंबर

मॉरीनबाई घरोघर जाऊन केस कापतात. आज म्हणाल्या, "डोळ्यांत जातात तुझे. बस." स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलो. गळ्याभोवती टॉवेल. रेडिओ चालू. त्यांची बोटं गार. कसे कापू, विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. थांबतच नव्हत्या, आणि हात इतके पक्के की जणू डोळे मिटूनही चालले असते.

मग मी आरशात पाहिलं. आणि मग दिवाणखान्यात गेलो, फोटो पाहायला.

तेच. कपाळावरची ती उजवी बट, मागे उतरता काप. तोच.

समोरच्या घरातले मिस्टर ओग्डन बाग झाडत होते. मी कचरा टाकायला बाहेर गेलो, तर त्यांच्या हातातला झाडू पडला. "बाप रे," म्हणाले. नंतर सारवासारव केली – "थंडी वाढली, नाही का."

१३ नोव्हेंबर

आणि मार्नीने पाहिलं! कप भरत राहिली, भरत राहिली, गरम पाणी बोटांवर सांडलं तरी पाहत राहिली.

मला संतापायला हवं होतं. मी खूश झालो. लिहून ठेवतो – खूश झालो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

आज ग्रिम्शॉचा तो आंधळा बॉल आला आणि मी तिथे होतो. कसा, कळलं नाही. पायच घेऊन गेले. ग्रिम्शॉ माझ्याकडे बघून हसला, मग एकदम पांढराफटक पडला.

जिंकलो. बसस्टॉपवर दोन म्हातारे माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. ओळख ना पाळख.

१ डिसेंबर, रविवार

मार्नीबरोबर कालव्याच्या कडेने फिरलो. पाणी काळं, बदकं गोठल्यासारखी. ती पुष्कळ बोलली. तो बाह्या मुठीत धरून पळायचा. सामन्याआधी डावा बूट आधी घालायचा. चिप्सवर व्हिनेगर ओतून पार लगदा करायचा.

"आणि मी?" विचारलं.

"तू काय?"

"मी चिप्स कशा खातो?"

तिला माहीत नव्हतं. समोर बसून खाल्ल्यात मी, दोनदा.

मग तिने माझा हात हातात घेतला. राग कुठल्या कुठे! मी बाह्या ओढून मुठीत धरल्या. तिने पाहिलं. जवळ सरकली. एवढ्याशा गोष्टीला काय मोजावं लागतं माणसाला.

७ डिसेंबर

आता मी डावा बूट आधी घालतो. कोणी सांगितलं होतं का असं करायला? नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

तेविसावं मिनिट. टाळ्या. पाऊस. ग्रिम्शॉने न बघता मारला, मी पोचलो, मारला – गोल! टाळ्यांच्या ऐन मध्यात!

असला आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. गाणं सुरू झालं. त्याचं गाणं. त्याच्या नावाचं. पाच हजार माणसं माझ्याकडे हात करून त्याचं नाव गातायत, बाप्ये ढसाढसा रडतायत. आणि मी – मी वळलो. उत्तर द्यायला. कुणी आपल्याला हाक मारली की वळतो ना, तसा.

तिथेच डोकं फिरलं. जाहिरातीच्या फळीला लाथ घातली. "फेन्टन! माझं नाव फेन्टन!" बोंबललो. कोण ऐकतंय! पंचाने पिवळं कार्ड दाखवलं. कार्डावर तरी त्याने माझं नाव लिहिलं असेल.

घरी आलो. मॉरीनबाई दाराशीच होत्या. मी आत आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मी बुटाचा चिखल पायपुसण्यावर झाडत राहिलो तोवर उघडले नाहीत.

२६ डिसेंबर

बरोबरी. मैदानभर "दुसरा रोवन" म्हणतात आता मला.

रिकाम्या रस्त्यावर मागून बुटांच्या खिळ्यांचा आवाज येतो. थांबलो की थांबतो. माझेच असणार. पण मी साधे बूट घातले होते.

७ जानेवारी

मॅनेजरसाहेबांनी खोलीत बोलावलं. दोन वर्षांचा करार. बाबांना फोन करावासा वाटला, इतका आनंद झाला! मग साहेबांनी कपाटातून रोवनचा घडी घातलेला आठ नंबरचा शर्ट काढला. गेल्या जानेवारीपासून कुणी अंगात घातलेला नाही.

"अठरा तारखेला त्याला वर्ष होतंय," म्हणाले. "मैदानाच्या मध्यावर मॉरीन तुला घालेल. गावाला बरं वाटेल."

"माझा एकतीस नंबर ठीक आहे, साहेब."

"अरे, नंबर मागत नाहीये मी. देतोय!"

"मला माझाच हवाय."

"नखरे कुणाला दाखवतोस? अर्धवट शिकलेलं पोर तू, आम्ही उचललं नसतं तर कुठे असतास? शर्ट घाल, नाहीतर मे महिन्यापर्यंत बाकावर बस आणि मग चालू लाग."

मी दार आपटून निघालो. ते परत उघडलं आणि उघडंच राहिलं, नेहमीसारखं.

११ जानेवारी

मार्नीला सांगितलं. म्हटलं, ती तरी म्हणेल, घालू नकोस.

"घाल ना," म्हणाली. "माझ्यासाठी. एकदाच मागून पाहायचंय मला. तो आठ, पळताना."

"मागून."

"तसं नाही रे–"

"समोरून पाहिलंयस का कधी मला? डोळे कुठल्या रंगाचे आहेत माझे? नको, बघून सांगू नकोस!"

ओरडलो मी. खिडकीपुढची माणसं वळून पाहायला लागली. ती रडत नव्हती. किटली घट्ट धरून उभी होती.

"मला माहीत नाही," म्हणाली. खरं बोलली. म्हणूनच आणखी आवडली. काय करू मी या मुलीचं!

१७ जानेवारी, शुक्रवार

मॉरीनबाई कुणाचे तरी केस कापायला गेल्या होत्या. त्यांचं जुनं मशीन कपाटातून काढलं आणि आरशासमोर सगळे उडवले. बट, काप, सगळं. बेसिन भरलं.

केसांखालून निघाला तो ओळखीचा वाटला. कॉलेजात असा दिसायचो.

ग्रिम्शॉला फोन केला. त्याच्याकडची वरची खोली रिकामी आहे. "ये," म्हणाला. मग, "उद्यापासून न बघता मारणार नाही. प्रयत्न करतो."

१८ जानेवारी, शनिवार

बॅग घेऊन खाली आलो. मॉरीनबाईंनी डोकं पाहिलं. मला वाटलं, आता कोसळतील.

"कानामागे राहिलेत," म्हणाल्या. "बस."

मशीन चालू झालं. त्याच्या आवाजाआडून बोलल्या. "त्या सकाळी तो सरावाला नव्हता रे चालला. फुटबॉल सोडणार होता. साहेबांना सांगायला निघाला होता. म्हणाला, आई, ते गाणं सुरू झालं की मला पळून जावंसं वाटतं, मला शिकायचंय काहीतरी. मी नाही नाही ते बोलले. दार सताड उघडं टाकून गेला. मी इथून ओरडले, दार लावायला नोकर ठेवलेत का? तेच शेवटचं." मशीन बंद केलं. "कुणाला सांगितलं नाही. इतक्या मनापासून वाजवतात बिचारे."

मानेवरचे केस फुंकून उडवले. पाठीवर एक थाप. "जा."

आज मी बाकावर. तेविसाव्या मिनिटाला उठून टाळ्या वाजवीन. नेमकं कुठल्या रोवनसाठी, ते तिथे फक्त मॉरीनबाईंना आणि मला माहीत असेल.

बॅग उचलली. बाहेर आलो. आणि दार ओढून घेतलं – कडी बसल्याचा आवाज आत त्यांना ऐकू जाईल, इतकं नीट.