पावाच्या गाडीला माणूस हवा

सोमवार, ३ फेब्रुवारी

चुकलंच! आमच्या बेकरीसाठी नोकरीच्या अर्जाचा छापील कागद मी नदीपलीकडच्या आतेभावाच्या बेकरीतून जसाच्या तसा उचलला, आणि त्यात एक चौकट — 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' तिकडे डाकोटात चालतं. इथे मिनेसोटात नाही. आधी माणूस निवडून मुलाखतीला बोलवायचा, मग हवं तर विचारायचं. कागदावरच विचारून त्याला दारातून परत पाठवायचं नाही. वकीलबाई फोनवर हसत सुटल्या. "सोल्वेग, नदी ओलांडली की कायदा बदलतो. थंडी तेवढी तीच!" चौकटीवर पांढरी पट्टी चिकटवली, पुन्हा प्रती काढल्या.

बाबांना म्हटलं, गाडीवर तुमच्या मदतीला कुणीतरी बघतेय. "मदतीला. बरं," म्हणाले आणि पीठ मळत राहिले.

मदतीला कसलं! डिसेंबरात ते पाव घेऊन जुन्या शाळेवर गेले. ती बंद होऊन तीस वर्षं झाली. बर्फात गाडी उभी करून मुलं बाहेर यायची वाट बघत बसले होते. रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्याने मला फोन केला म्हणून बरं. पुढच्या वेळी उणे तीसमध्ये कुठे आडरानात अडकले तर? या विषयावर मी अवाक्षर काढलं नाही, त्यांनीही नाही. ज्यांनी मला गाडी शिकवली त्यांनाच कसं विचारू, की तुम्हाला आता जमतं का?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

एवढ्या जाहिरातीला एकच अर्ज. ड्वेन ओडेगार्ड. बीटच्या साखर कारखान्यात होता, आईला बघायला गावी परतलाय. अक्षर सुरेख. बोलावलाय.

सोमवार, १० फेब्रुवारी

मुलाखत झाली. आता विचारायची मुभा होती आणि विचारायलाच हवं होतं. आमची गाडी म्हणजे काही नुसती दुकानांची नाही. इथली म्हातारी माणसं दाराला कुलूप लावत नाहीत. घरात कुणी नसलं तरी पाववाला आत जातो आणि पाव टेबलावर ठेवून येतो. मर्ना लुंडच्या घरी तर मांजरालाही दूध घालतो.

मग मी काय विचारलं? हवेचं. रस्त्यांचं. त्याच्या आईच्या गुडघ्याचं! कॉफी तीनदा झाली. आम्हाला कायद्याने बंदी कशाला घालायची — आम्ही मेले कुणाला तोंडावर विचारतोच कधी!

शेवटी निघाला. मग इथल्या रीतीप्रमाणे दाराशी उभं राहून पुन्हा सगळ्या गप्पा. टोपी घालता घालता तोच म्हणाला, "बाई, तुम्ही विचारलं नाहीत, पण माहीत असलेलं बरं. बाविसाव्या वर्षी मी घरफोडी केली. तीन घरं. तुरुंगात होतो त्यासाठी."

मी म्हटलं, "असं होय." आणि आईसाठी म्हणून त्याला लेफ्सेच्या, आमच्या बटाट्याच्या, सहा पोळ्या बांधून दिल्या! काय म्हणावं मला?

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. वाटलं, आता भडका उडणार. कसलं काय. "मग रीतसर चौकशी कर. सगळं विचार त्याला, काही सोडू नकोस. उद्या कुणी बोललं तर आपल्याकडे उत्तर पाहिजे." आणि जाता जाता — "तू विचारणार नाहीस म्हणा. आईवर गेलीयस."

ड्वेनने जुन्या नोंदींच्या चौकशीला लगेच लेखी परवानगी दिली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

अहवाल आला. त्याने दाराशी सांगितलं तेच, तसूभर कमी-जास्त नाही. पुढची वीस-बावीस वर्षं स्वच्छ. वकीलबाई म्हणाल्या, "नाही म्हणायचं असेल तर आधी त्याला प्रत दे, त्याचं ऐकून घे, मग ठरव. हो म्हणायचं तर प्रश्नच नाही."

मर्नाशी बोलावंसं फार वाटलं. घर तिचं, दार तिचं. पण त्याचं जुनं दुखणं मी कोण गावभर करणारी? जीभ आवरली.

मग ड्वेनलाच बोलावलं. कॉफीही केली नाही, नाहीतर पुन्हा हवेवर घसरले असते. सरळ विचारलं, "उघडं दार दिसलं, घरात कुणी नाही. काय कराल?"

तो म्हणाला, "पाव ठेवीन. आणि निघताना दार नीट ओढून घेईन. आतली ऊब जाते ना बाई सगळी."

हो म्हटलं. तिथल्या तिथे! इतका आवडला मला तो माणूस त्या क्षणी.

शनिवार, २२ फेब्रुवारी

बाबांनी ड्वेनला फेरीवर नेलं. चाक त्याच्या हातात, टोमणे बाबांचे. "घोडं हाकतोयस का रे?" मर्नाचं मांजर म्हणे थेट त्याच्या मांडीवर. बाबा शिट्टी वाजवत परतले. किती दिवसांनी ऐकली!

रविवार, २३ फेब्रुवारी

परक्या माणसाला सगळं विचारलं. घरच्याला अजून नाही. भित्री कुठली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दुकान उघडायच्या आधी बाबा आले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. टोपी मांडीवर, मुलाखतीला आल्यासारखे.

"विचार," म्हणाले.

"काय?"

"डिसेंबरपासून जे विचारायचंय ते."

विचारलंच. "बाबा, तुम्हाला गाडी जमते का आता?"

"नाही गं पोरी. पाटी मधेच कोरी होते. मासे धरायला गोठलेल्या तळ्यावर आम्ही शेजारी शेजारी बसतो, तिथे ड्वेनला सांगितलं सगळं. अर्ज करायला मीच धाडला त्याला."