विमानानं गेलो, ट्रकनं आलो

ता. १२ नोव्हेंबर

चि. भाऊस अनेक आशीर्वाद,

पत्र लवकर आलं म्हणून दचकू नकोस, सगळं खुशाल आहे. काल तुझ्या लेकीनं मला तिच्या विमानातून नदीची सफर घडवली. चार माणसांचं विमान. मोठ्या कपाटाला पंख लावावेत तसं. पुढे ठमी आणि मी, मागे नवं लग्न झालेलं एक जोडपं.

भाऊ, माझा जन्म या नदीकाठी गेला. शाळेचे गणवेश शिवता शिवता मान वर केली की खिडकीतून तिचा हातभर तुकडा दिसायचा, तेवढीच नदी असं मी धरून चालले होते. काल अख्खी पाहिली. धरणापाशी अगदी बारीक, मग पसरत पसरत इतकी रुंद की पलीकडचा काठ धूसर. एका ठिकाणी दुसरी नदी येऊन मिळते. एक हिरवी, एक मातकट. कितीतरी लांबवर दोघी शेजारी शेजारी वाहतात पण मिसळत नाहीत, सासू-सुनांसारख्या. मी असं म्हटल्यावर मागची नवरी खूप हसली, नवऱ्यानं मात्र तोंड खिडकीकडे वळवलं.

दुपारी जरा पाय मोकळे करायला एका शेतात उतरलो. तिथल्या लोकांनी चहा पाजला. येताना ट्रकनं आलो, नदी जवळूनही बघावी म्हणून.

तू तिला ही विमान चालवायची नोकरी सोड म्हणून लिहिलंयस. घाई करू नकोस. तिची आई गेल्यावर पोर माझ्या पदरात घालून तू बस चालवायला परगावी गेलास. मग आता तिचं काही ठरवताना मलाही विचारशील ना? कालच्यासारखा दिवस माझ्या वाट्याला आला, मी भरून पावले.

लोभ आहेच, वाढवायचा तर उत्तर मोठं लिही.

तुझी,
अक्का

ता. १४ नोव्हेंबर

ती. बाबांना सा. न. वि. वि.

आत्याचं पत्र पोचलं असेल. तिनं ते मला वाचून दाखवलं आणि माझ्यादेखत पाकीट चिकटवलं. तिच्याशी वाद घालणं कुणाला जमलंय? पण खरं काय ते तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं.

आम्ही पाय मोकळे करायला उतरलो नव्हतो. दोन नद्या मिळतात ती जागा ओलांडली आणि इंजिनाच्या तेलाचा दाब घसरायला लागला. इंजिन चालू होतं, पण भरवसा नव्हता. धावपट्टी पलीकडच्या काठाला, मध्ये सगळं पाणी. रेटलं असतं तर कदाचित पोचलोही असतो. पण त्या ‘कदाचित’वर तीन माणसांना घेऊन मला पाणी ओलांडायचं नव्हतं. अलीकडे कापणी झालेलं एक लांब, सपाट शेत दिसलं. वरून फेरी मारून माणूस, गुरं नाहीत ना ते पाहिलं आणि उतरवलं. धसकटांवरून खडखडत जाऊन बांधाच्या अलीकडे थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. तेलाची नळी तडकली होती. मेकॅनिक म्हणाला, अजून थोडं पुढे गेला असता तर इंजिन बंदच पडलं असतं.

नवरी रडायला लागली होती. आत्यानं मागे वळून तिचा हात धरला आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून विचारलं, ही बाही कुणी शिवली, काखेत आवळत नाही का? मग त्या शिंप्याला तिनं इतकी नावं ठेवली की पोरगी रडायचं विसरून त्याची बाजू घ्यायला लागली. शिंपी तिचा सख्खा मामा निघाला! मला मात्र काय झालंय म्हणून आत्यानं एका शब्दानं विचारलं नाही. उतरल्यावर माझे गार पडलेले हात आपल्या हातांत घेऊन चोळत बसली. ती शेजारी होती म्हणून मला सुचत गेलं, बाबा.

तुम्ही काय सांगाल ते मी ऐकून घेईन. पण तुमच्यापासून लपवून मला उडता येणार नाही. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
ठमी

ता. २० नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद,

अक्काचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा डेपोतले सगळे हसले. देखावा बघायला विमान सोडून ट्रकमध्ये बसलेलं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. मला हसू येईना. अक्काची थाप मला लहानपणापासून ओळखू येते. तुझं पत्र येईपर्यंत घास गोड लागला नाही.

ते गाडीतच वाचलं, प्रवासी चढायच्या आधी. तेलाच्या दाबाशी आलो आणि गाडीचं दार आतून लावून घेतलं. शेवटापर्यंत गेलो, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. घाटात ब्रेक नीट लागेनासे झाले की गाडी रेटायची का कडेला घ्यायची, हा प्रश्न मलाही पडलाय. खाली स्टँड दिसत असतं, प्रवासी घाई करत असतात. कडेला घ्यायला छाती लागते, पोरी. तुला ज्यांनी शिकवलं त्यांना माझा नमस्कार सांग.

नोकरी सोड म्हणून लिहिलं होतं ते लिहिलंच नाही असं समज. भीती काही जाणार नाही, पण तिचं माझं मी बघून घेईन. आणि अक्काला सांग, पोर नुसती सांभाळली तरी पुष्कळ, एवढंच तेव्हा मागितलं होतं. तिनं तुला केवढं माणूस केलं. तिचे उपकार फिटायचे नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

रजा मिळालीय, रविवारी येतो. नळी नवी बसली असेल तर मलाही नदी दाखव. फक्त या खेपेला अक्का कितीही रुसली तरी तिला मागे बसव आणि मला पुढे घे. जन्म गेला स्टिअरिंग धरण्यात. मागच्या सीटवर मला मळमळतं.

बाकी सगळं वरून नदी बघताना बोलू.

तुझा,
बाबा