सारांशातून गाळलेले दोन शब्द

बीड, दि. १४ मे २०१९

मृत्युपत्राचा मसुदा देते, असे मी ॲड. गहिनीनाथ यांना मागच्या दिवाळीत सांगितले आणि नंतर त्यांचे फोनही घेतले नाहीत. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल आधी त्यांची माफी मागते. आता हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे, तेव्हा सबब उरलेली नाही.

मी, डॉ. विशाखा ज्ञानोबा उजगरे, वय ४६, मूळ राहणार तलवाडा, ता. गेवराई, व्यवसाय वैद्यकीय संशोधन व अध्यापन. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, आग्रहही केलेला नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बीडचे घर आई सिंधुबाई हिला तिच्या हयातीपर्यंत, नंतर भाऊ शहादेव याला. बोअर आटले आहे. ते आणखी खोल करण्याच्या भरीस कोणी पडू नये. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्यासाठी.

२. वडिलांच्या नावचा सहकारी सूतगिरणीचा शेअर दाखला शहादेवने ठेवावा. गिरणी कधी उभी राहिली नाही. कागद मात्र सुरेख आहे आणि वडिलांनी तो काच लावून भिंतीवर टांगला होता.

३. सूक्ष्मदर्शक व रक्तनमुन्यांची थंड पेटी माझ्या सहकारी रतनबाई यांना. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. यावर आई म्हणाली, "लोकांचं रगत काढून काढून नेलंस, आता सोताची हाडं बी देतीस व्हय गं?" तिने शेवटपर्यंत नको म्हटले तर तिचे ऐकावे. त्रिसरण-पंचशील एवढेच व्हावे.

४. माझे शोधनिबंध. एकूण चौदा. तेरा निबंधांचे संदर्भ इतरांनी जितके दिले, त्याहून जास्त एकट्या चौदाव्याचे दिले. तो २०१३ च्या दुष्काळातल्या चारा छावणीवर आहे. उमापूरजवळ एका सहकारी दूध संस्थेने ती चालवली होती. माणसे जनावरांशेजारीच झोपत. गायींचा गर्भ टाकवणारा आणि माणसाला महिनोन्महिने ताप आणणारा ब्रुसेला तिथे पसरला. गाभडलेली गाय वेगळी का बांधत नाही, असे मी गायी घेऊन छावणीत आलेल्या, मेंढपाळ कुटुंबातल्या बायडाबाईंना विचारले होते. त्या म्हणाल्या, "येगळी बांधली की दावणीच्या मोजणीत धरीत न्हाईत. मोजणीत न्हाई तर चारा न्हाई. मंग काऊन सांगावं?"

मी सारांशात लिहिले: छावणीच्या नियमामुळे पशुपालक आजारी जनावर वेगळे काढत नाहीत. नियतकालिकाची शब्दमर्यादा ओलांडत होती. माझे मार्गदर्शक आणि निबंधाचे प्रथम लेखक डॉ. मोहनराव यांनी 'छावणीच्या नियमामुळे' हे दोन शब्द गाळले. आत सविस्तर आहेच, असे ते म्हणाले. मलाही ते पटले. पण आतला पूर्ण निबंध वाचायला पैसे पडतात. ज्यांनी संदर्भ दिला त्यांतल्या बहुतेकांनी सारांशच उचलला.

या वर्षी छावण्या पुन्हा सुरू झाल्या. त्यांच्या परिपत्रकात ते वाक्य आमच्या नावांसह आहे आणि खाली आदेश: आजार लपवणाऱ्याची सगळी जनावरे बाहेर काढावीत. हा संदर्भ कोणत्याही निर्देशांकात मोजला जात नाही. बायडाबाईंची जनावरे गेल्या आठवड्यात काढली. त्यांचे पती सटवा मला म्हणाले, "सायेब म्हनला, डाक्टरनं लिवलंय. मी म्हनलं, मंग डाक्टरलाच बांधा दावणीला!" हसले. बायडाबाई हसल्या नाहीत. "आमी येगळं काढत न्हाई, हे लिवलंत. नेम कुनी केलता, ते लिवलं न्हाई व्हय, डाक्टरीणबाई?"

डॉ. मोहनराव यांना मी दुरुस्तीबद्दल विचारले. "अगं विशाखा, दुरुस्ती छापली की सगळ्या निबंधावर शंका येते. तुझं प्राध्यापकपद तोंडावर आहे." ते माझ्या हिताचे बोलत होते हे मी मान्य करते. त्यांना माझ्याकडून काही नाही. प्रथम लेखकाचे स्थान त्यांच्याकडे आहेच.

~~५. संपादकांना लिहिलेले दुरुस्तीचे पत्र रतनबाईंनी माझ्या पश्चात पाठवावे व त्याची प्रत छावणीच्या कार्यालयात द्यावी.~~

कलम ५ रद्द. मसुदा वाचताना गहिनीनाथ इथे थांबले. "मॅडम, घर मेल्यावरच देत्यात. पत्राचं तसं काय हाय? तुमी तर जित्त्या हायेत. आन् तवर ती जनावरं काय खातील?" पद हुकेल याची भीती होती, आणि मेल्यावर ती राहणार नाही, एवढाच माझा हिशेब होता. खाडाखोडीवर माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

बाकी मजकूर वाचून, समजून सही केली.

विशाखा ज्ञानोबा उजगरे

साक्षीदार, ज्यांना यातून काहीही मिळत नाही:
१. ॲड. गहिनीनाथ
२. त्रिंबक, शेजारी

उद्या: उमापूरला जाऊन पत्र बायडाबाईंना वाचून दाखवणे, आणि तिथूनच पाठवणे.