राखीचा फोटो

बाई,

देगलूरला तुमच्या घराच्या ओसरीवर काढलेला एक फोटो गेल्या महिन्यात गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला. आमच्या वर्गातली ती, तुमच्या शिकवणीतल्याच त्या पोराला राखी बांधतीय. शेजारी ताट धरून मी उभी होते, पण मला कापून टाकलंय. माझ्या बांगड्या तेवढ्या दिसतात. खाली लिहिलं होतं, ‘पेपरफोड्याची बहीण नगराध्यक्ष पाहिजे का?’

हो बाई, भरतीचा पेपर विकणाऱ्या टोळीत तो सापडला. आता जेलात आहे. आणि ती यंदा नगराध्यक्षपदाला उभी होती.

दहावीत आम्ही तुमच्या घरी शिकवणीला यायचो. त्याचा बाप दारू गाळायचा, म्हणून त्याच्या शेजारी कुणी बसायचं नाही. मी एकदा मोठ्यानं ‘दारूवाल्याचं पोरगं’ म्हणाले. तुम्ही धपाटे थापत होतात, तशाच पिठाच्या हातानं उठून आलात. “बापावरून पोराला बोलायचं न्हाई. त्यानं काय केलं ते सांग.” पुढं राखीपौर्णिमेला तुम्ही त्याला, तिला, मला, तिघांनाही घरी बोलावलंत. त्याला बहीण नव्हती. राखी आधी माझ्याच हातात दिली होतीत. मी जागची हलले नाही, तेव्हा तिनं घेतली. त्यानंतर ती दरवर्षी बांधत राहिली.

मतदानाला चार दिवस असताना ती घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, “तू सभेत येऊन एवढंच सांग, फोटो बाईंच्या घरचा हाय, आपण दहावीत होतो. बाकी मी बघते.”

“तुला खरंच काही माहीत नव्हतं?”

“न्हाई गं. तुला होतं का?”

आतल्या खोलीत माझी लेक ऐकत होती. तिनं हीच परीक्षा दिली होती. पेपर लई चांगला गेला म्हणून नाचत घरी आली होती. मग परीक्षा रद्द झाली. पुन्हा झाली तेव्हा ती काविळीनं अंथरुणात होती. आता मेडिकलच्या दुकानात बसते. आणि बाई, परीक्षेच्या क्लाससाठी लातूरला तिला राहायला खोली त्यानंच बघून दिली होती. ती त्याला मामा म्हणायची. मी निवडणुकीला उभी नाही, म्हणून मला कुणी विचारत नाही.

मी विचारलं, “अजून जातेस त्यांच्याकडं?”

“त्याच्याकडं न्हाई. त्याच्या आईकडं जाते. म्हातारीला दिसत न्हाई, एकटी हाय. डबा नेऊन देते. ते बी सोडू का? तू म्हण, सोडते.”

मला सोड म्हणवेना, जात जा म्हणवेना. लेक बाहेर आली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, “मावशी, आई येणार न्हाई.” मी लेकीला गप्प करायला हवं होतं, नाहीतर लेकीच्याच बाजूनं बोलायला हवं होतं. दोन्ही झालं नाही. मैत्रीण पाणी पिऊन उठली.

खुर्ची मागणाऱ्याला विचारायलाच पाहिजे, कुणाच्या पंगतीला बसत होतात, आणि कळल्यावर उठलात का? हे मला पटतं. दुसऱ्यांचे असले फोटो मीही पुढं पाठवलेत. पण ती कुठून उठणार होती? आंधळ्या म्हातारीजवळून? बापावरून पोराला बोलू नये हे तुम्ही शिकवलंत. भावावरून बहिणीला बोलावं का, हे विचारायचं राहून गेलं. तिनं काय केलं, असं तुमच्यासारखं स्वतःला विचारते. उत्तर सोपं येतं, आणि लेकीचं तोंड दिसलं की ते उत्तर टिकत नाही.

ती थोडक्यात पडली. फोटोमुळंच पडली का, कोण सांगणार. निवडून आलेल्या माणसाबरोबर कोण कोण हिंडत असतं ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे. त्यांचे फोटो कुणी काढलेले नाहीत.

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठं टाकणार, वहीतच राहील. म्हणून एक सांगते. मतदानाच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला, “मत द्यायला येऊन गेलीस का?” मी म्हणाले, मी लातूरला आहे. मी घरातच होते, आतून कडी लावून.