पास्कलकाकांच्या गाडीचा प्रायमर

सोमवार, ३ नोव्हेंबर ५८
मोंबासाची बोट शनिवारी नाही, शुक्रवारी सकाळी दहाला लागणार. कचेरीत बंदराच्या बातम्या करणाऱ्या सहकाऱ्याने काल पक्के केले. म्हणजे बाळूचा एक दिवस गेला.

सकाळी मरोळला शेडवर जाऊन सांगितले. बाळू म्हणाला, "होईल, दादा." धाकट्याचे नेहमीचेच. पास्कलकाकांचा आंतोन सहा वर्षांनी आफ्रिकेहून येतोय. त्याचीच जुनी गाडी रंगवून धक्क्यावर न्यायची, हा काकांचा हट्ट. शेडही काकांचीच. गाडी मनासारखी झाली तर शेड बाळूला, नाही तर ते तिथे पेंढा भरणार. आणि या भरवशावर आमच्या शहाण्याने घाटकोपरच्या गॅरेजातली नोकरी सोडली!

पत्र्यावर भरलेली लांबी घासून झाली आहे. उद्या प्रायमर.

मंगळ. ४
वाट लागली. प्रायमर मारला आणि बॉनेटभर वाटाण्याएवढे गोल खड्डे. रंग जागा सोडून बाजूला सरकतो, मधे पत्रा उघडा. पुसून पुन्हा मारला. पुन्हा तेच.

मी भडकलो. ती रंगाची गन! गॅरेजच्या उस्तादाने निघताना दिलेली, लढाईच्या आधीची. खाली डबा लोंबतो, घोडा ओढला की आधी थुंकते, मग फवारते. नवी घे म्हणून किती सांगितले.

"गन जुनी आहे, खराब नाही," बाळू म्हणाला. "उस्तादाचा हात बसलाय हिच्यावर."
"मग हे काय पडलंय? उस्तादाचे आशीर्वाद?"
तो पुन्हा बॉनेट पुसू लागला. हा मुलगा बोलत का नाही?

बुध. ५
कॉम्प्रेसरमधले पाणी काढले. थिनर बदलला. बॉनेट पत्र्यापर्यंत घासून पुन्हा मारले. खड्डे तसेच.

काका आले. बॉनेटवर हात फिरवला. "बालू, गारीला देवी आल्या काय रे? आंतोनला काय सांगू, टोचून घेतली नाय म्हणून?" बाळू हसला. मला हसू आले नाही. काका वळताच मी तोंड सोडले. कचरा डोक्यावर घेऊन नाचतोस, उद्या मालाडहून भाड्याची गन आणतो, वगैरे. बाळू म्हणाला, "आण." एवढेच. घरी जेवायला आला नाही.

आई चकल्या पाडता पाडता: "उपाशी ठेवलंस ना त्याला?" म्हणजे मीच वाईट.

गुरु. ६
रजा टाकली. मालाडला जाण्याआधी गन एकदा स्वतः बघावी म्हणून टोपी फिरवून काढली आणि तोंडात टाचणी घालणार, तोच बाळू ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर. "टाचणी नको! भोक मोठं होईल!" गन ओढून घेतली, खराट्याची काडी घातली. काडी पिवळी निघाली. वास घेतला. हळद. आणि तेल. तेलावर कुठला रंग धरणार!

दसरा. पाटावर बाळूची गन, पाने-पकडी, माझे पेन. घरातला थोरला म्हणून पूजा मी केली. आणि घोडा जरा अडकतोय असे वाटून समईतले तेल गनच्या तोंडात सोडले. चांगली धार. वर ऐटीत म्हणालो, "बघ बाळू, लोण्यासारखा चालतो की नाही!"

"तुला कळलं होतं?"
"मंगळवारी वास आला."
"मग बोलला का नाहीस, गाढवा?"
"पूजेतलं होतं. तुझ्या हातचं. थिनर फवारून निघेल वाटलं. सगळी खोलली असती तर चामड्याचा वायसर तुटला असता."

खोलली. वायसर तुटलाच. बाळूने इकडेतिकडे पाहिले, मग माझ्या पायांकडे. उजव्या वहाणेच्या पट्ट्यातून नवा वायसर कापला. मी अनवाणी बसून एकेक भाग थिनरमध्ये धूत होतो. बावीस वर्षे वेळेवर मजकूर देणारा मी. तीन दिवस मी खाल्ले, आणि शिव्या त्याला. राग तर आला होता. कोणावर काढणार?

दुपारी दोनला सगळी गाडी घासून तयार. प्रायमर असा बसला की बोलायची सोय नाही. कोऱ्या पाटीसारखा. एक खड्डा नाही. गन थुंकलीही नाही.
म्हटले, "आता वरचा रंग."
"आज नाही. आतून ओलं आहे. घाई केली तर महिन्यात पापुद्रे निघतील."
"आणि शेड?"
"शेड गेली तरी नाही मारणार."
कानाखाली द्यावीशी वाटली. दिली नाही. त्याचे खरे होते.

शुक्र. ७, सकाळी ७
शेडवर. गाडी नखशिखान्त राखाडी. तेल माझे होते हे काकांना मी सांगणार. बाळू म्हणतो, "काही सांगू नकोस, काम माझं आहे." त्यावरून आत्ताच पुन्हा वाजले.

शेडची चावी त्याने काकांना परत द्यायची म्हणून खिळ्याला अडकवून ठेवली आहे. आठला काका कोट घालून येतील. दहाला बोट.