कपबशीचा बिल्ला

तीर्थरूप अण्णांना भागवतचा लातूरहून दंडवत.

मोबाईल फुटला, म्हणून पत्र लिहायलोय. उज्वलाताई मजेत हाय, मीबी ठीक हाय. आईला इथपर्यंतच वाचून दाखवा.

ताईच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली, म्हणून दाजींच्या प्रचाराला देवणीकडं गेलो. मागच्या खेपेला दाजींच्या पॅनलची निशाणी कपबशी होती. तुम्ही सरपंचकीला उभे होता तवाचा पत्र्याचा बिल्लाबी कपबशीचाच. तो हौसेनं छातीला लावला. निशाणी दर खेपेला नवी मिळते, हे ध्यानातच आलं न्हाई. औंदा कपबशी पलीकडच्यांना गेली होती.

एसटीतून उतरलो आन् दाजींच्याच कार्यकर्त्यांनी घेरलं. मला वळखणारं त्यात कुणी नव्हतं. काठ्यांनी पाठ फोडली, खाली पाडून लाथा घातल्या. एकानं तर बिल्ल्यावरच टाच रोवली, पिन मांसात घुसली. दाजी बोंबलत पळत आले तवा सुटलो.

पिन इथं लातूरच्या डॉक्टरनं काढली. बिल्ला चेमटलाय, पण रगत धुऊन जपून ठेवलाय. तुमची कंबर कशी हाय? गाय व्याली का?

एक इचारायचं हाय. तुमच्या डाव्या छातीवर, खिशाच्या जरा वर, बारका वण हाय. बैलानं शिंग मारलं म्हणून लहानपणापासून आम्हाला सांगत आलात. आज माझी पट्टी काढली. माझी जखम तिथंच हाय, तेवढीच हाय.

अण्णा, तो बैल कोणत्या पॅनलचा होता?

तुमचाच,
भागवत