वसुलीला आलेला माणूस

नांदेड,
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय अण्णा,

शरणु शरणार्थी. तुझी शुगर आता कशी आहे? वहिनीचा गुडघा दुखायचा थांबला का? इकडे सकाळची थंडी पडायला लागलीय. दुकान चालू आहे, पण माल कमी आहे. सध्या रोखीवरच विकतो आहोत. रोजची गिऱ्हाइकं थोडी नाराज होतात, पण समजून घेतात.

माझ्या वर्षाला मी परवा होस्टेलमधून घरी आणलं. होस्टेलच्या बाईंचा तुला फोन आला असेल. तिला काही झालेलं नाही, मीच नेलं. लातूरला येऊन तुला न भेटता परत गेले, याचा राग धरू नको. खरं म्हणजे मी तुझ्या दुकानापर्यंत आले होते. त्याचं पुढं लिहिते.

फोन का केला नाही, असं म्हणशील. तीनदा केला. तिन्ही वेळा दुसऱ्याच कुणीतरी उचलला आणि "मालक कामात हायत" असं सांगितलं. म्हणून हे पत्र आपल्या ट्रकच्या वीरण्णाबरोबर पाठवतेय. थेट वहिनीच्या हातात द्यायला सांगितलंय.

भोकरचे गुत्तेदार दयानंद तुला माहीत आहेत. इस्लापूरकडं शाळेच्या होस्टेलचं काम त्यांनी घेतलं होतं. सिमेंट, सळई, सगळं आमच्या दुकानातून उधारीवर गेलं. काम झालं, पण सरकारी बिल अडकलं. वर्ष गेलं. आमच्या यांनी फोन केला की ते म्हणायचे, "साहेब बदलले, आता नव्या साहेबाची सही लागते." खोटं बोलणारा माणूस नाही तो. पण आम्हाला माल देणाऱ्या सिमेंट कंपनीला ते कोण सांगणार? कंपनीनं माल बंद केला. हे जेवणावरून उठायला लागले, झोपेत बोलायला लागले. तेव्हा मी तुला फोन केला आणि तू वसुलीसाठी शेषेरावचं नाव सांगितलंस.

"मंजू, माणूस भरवशाचा आहे. माझी दोन वर्षांची उधारी दोन महिन्यांत काढून दिली," असं म्हणालास. तुझा तेव्हाचा आवाज मी आता पुन्हा पुन्हा आठवून बघते. कुणी शेजारी उभं असल्यासारखा बोलत होतास का रे?

शेषेराव आला तो पांढरा सदरा घालून, कपाळावर विभूती लावून. माझ्या पायाच पडला. चहा बिनसाखरेचा घेतला. बोलणं इतकं हळू की कान पुढं करावा लागायचा. "ताई, तुम्ही निवांत राहा. मी नुसता बसून बोलतो लोकांशी." आठ दिवसांत दयानंदरावांकडून पहिली रक्कम आली. त्यातला आपला हिस्सा त्यानं काढून घेतला. हे त्या रात्री पोटभर जेवले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दयानंदरावांची बायको दिपाली दुकानात आली. उन्हाची आली होती. मी म्हटलं, "बसा ना." ती दचकली.

"न्हाई ताई, उभीच बरी. हे आज एवढे घ्या. बाकीचे बिल निघालं की आणून देते. फकस्त या शेषेरावांना आमच्या घरी पाठवू नका."

"दयानंदराव कसे आहेत?"

तिनं कोपऱ्यात पाहिलं. शेषेराव तिथं पेपर वाचत बसला होता. मग ती खाली बघून म्हणाली, "हात मोडलाय. जिन्यावरून पडले."

अण्णा, त्यांच्या वास्तुशांतीला आम्ही दोघं गेलो होतो. बैठं घर आहे ते. जिना नाहीच.

आणि ती माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होती! तिला त्याची भीती होतीच, पण माझीही होती. जन्मात कुणी मला भ्यालं नव्हतं. ती गेल्यावर मी आत जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी यांनी शेषेरावला सांगितलं, "तुमचा हिशोब करून देतो. आता पुढचं आमचं आम्ही बघतो."

तो हसला. "मालक, काम हाती घेतलं की मी अर्धं सोडत न्हाई. आन् दयानंद एकटाच कुठं हाय? मिस्त्री हायत, घरं बांधणारे हायत. तुमची समदी उधारी मी बघतो. तुम्ही गल्ल्यावर बसा नुसतं."

दुसऱ्या दिवसापासून तो दुकान उघडायच्या आधी येऊन बसायला लागला. कोण आलं, किती घेऊन गेलं, किती बाकी ठेवली, सगळं ऐकायचा. गिऱ्हाइकं त्याला बघून बाहेरूनच परत फिरायला लागली. हे त्याला चहा मागवायचे. स्वतःच्या दुकानात, अण्णा, हे त्याला विचारून उठायचे.

तरी मी सोसलं असतं. पण वर्षाचा फोन आला.

"आई, शेषेरावकाका क्लासबाहेर आले होते. बाबांनी पाठवलं म्हणाले. मला खायला दिलं, होस्टेलपर्यंत सोडलं. मंगळवारी परत येतो म्हणाले."

यांनी कुणाला पाठवलं नव्हतं. मी शेषेरावला विचारलं तर म्हणाला, "ताई, कामून घाबरून राहिल्या? लेकरू एकटं राहतं तिकडं. कुणीतरी लक्ष ठेवाय पाहिजे."

वर्षाचा क्लास कुठला, होस्टेल कुठलं, हे आम्ही दुकानात कधी बोललो नव्हतो. लातुरात ते फक्त तुला माहीत होतं.

मी पहिली बस धरून लातूरला आले. तुला जाब विचारायचा म्हणून आधी तुझ्याकडं वळले. रस्त्याच्या पलीकडूनच दिसलं. तुझ्या खुर्चीवर एक पोरगेला माणूस पाय पसरून बसला होता, आणि तू त्याच्यासमोर उभा राहून नोटा मोजून देत होतास. पाइपांच्या बंडलाला टेकून उभा होतास. किती वाळला आहेस तू. तुझा फोन वाजला तर तो त्यानं उचलला.

मी रस्ता ओलांडलाच नाही. तुला जाब विचारायला आलेली मी तिथं उभी राहून रडले आणि तशीच होस्टेलकडं गेले.

परतीच्या बसमध्ये वर्षा माझ्या खांद्यावर झोपली होती. मी एकच विचार करत होते. तू त्याला माझ्याकडं पाठवलंस ते आमचं भलं व्हावं म्हणून, की तुझ्या मानेवरचं जरा हलकं व्हावं म्हणून? याचं उत्तर मला लिहू नको. मला ते माहीत आहे, आणि तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं, तेही मला माहीत नाही.

काल मी भोकरला गेले. दिपालीनं दार उघडलं नाही, खिडकीतून बोलली. मी म्हटलं, "मी पैसे मागायला आले नाही. पोलीस ठाण्यात माझ्याबरोबर येता का?" तिनं मागं वळून आत पाहिलं. मग आतून दयानंदरावांचा आवाज आला, "जा तू. मीबी येतो."

हे आधी तयार नव्हते. "बोलावलं आपणच त्याला. आपणच आत गेलो तर?" म्हणत होते. मी म्हटलं, "बोलावलं म्हणूनच आपण सांगायचं." मग चप्पल घालून ठाण्यात आले. तिथं दिपाली माझ्या शेजारच्या बाकावर बसली. इस्लापूरचं सरकारी बिल निघेपर्यंत पैशाला थांबायचं, हे यांनी दयानंदरावांना तिथंच सांगितलं.

शेषेराव काल सकाळपासून दुकानात आलेला नाही. पोलीस शोधताहेत. तो समोर बसायचा तेव्हा निदान कुठं आहे ते कळायचं. आता रस्त्यावर पांढरा सदरा दिसला की मी वर्षाला आत ओढते.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. जबाब घेताना साहेबांनी विचारलं, "या माणसाची ओळख कुणी करून दिली?" यांनी माझ्याकडं पाहिलं. कुणीतरी बाजारात सांगितलं, असं मला म्हणता आलं असतं. हे तेच म्हणणार होते. मी म्हटलं, "माझ्या सख्ख्या भावानं. विरूपाक्ष, लातूर." दुकानाचा पत्ताही दिला. तुझ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचंही सांगितलं.

लातूरचे पोलीस उद्या-परवा तुझ्याकडं येतील. त्यांच्यासमोर तुझी मान खाली जाईल, बाजार बघेल. मला त्याची भीती वाटते. पण तू गप्प बसून तसाच वाळत गेलास तर, याची जास्त वाटते. तो खुर्चीवरचा शेजारी उभा असला तरी त्याच्याकडं बघू नको. त्यानं तोंड उघडायच्या आधी तू बोल. शेषेरावनं तुला काय केलं ते सांग, आणि वर्षाचा पत्ता त्याला कसा दिलास, तेही सांग.

वहिनीला घेऊन इकडं ये. तुमची खोली झाडून ठेवली आहे.

तुला पोलिसांच्या हवाली केलेली, आणि तुझी वाट बघणारी,
मंजू